वेशीपर्यंत आलेली मदत

मे 2016 मध्ये इस्तंबूलला मोठे दाते देश अन् मोठ्या मदत-संस्था एकत्र बसल्या. ठरलं असं, की 2020 पर्यंत संकटातल्या मदतीचा किमान 25 टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिकांच्या हाती द्यायचा. 2020 आलं अन् गेलं. शब्द पाळला गेला नाही.

पण माझं भांडण टक्क्यांशी नाही, 'स्थानिक' या शब्दाशी आहे. स्थानिक म्हणजे कोण? पाटलाचा वाडा स्थानिक, अन् गावकुसाबाहेरची आमची वस्तीही स्थानिकच. मग पैसा कुणाच्या ओट्यावर उतरणार?

यासाठी मी किल्लारीचा इतिहास काढतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. दगड-मातीच्या भिंती अन् माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सरकारी मोजणीनंच जवळजवळ आठ हजार मेले. जागतिक बँकेचं कर्ज आलं. लातूर अन् तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी बसवायचं ठरलं.

घरं कशी वाटली? भूमिहीनाला अन् एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत 400. त्यावर असेल त्याला 750. धरणी हलली तेव्हा तिनं सातबारा बघितला नव्हता. मदतीनं बघितला. पिढ्यान् पिढ्या राबूनही आमच्या नावावर जमीन का नाही, हे लिहायला त्या कागदात रकाना नव्हता.

त्याच कामात एक चांगली गोष्ट झाली, तीही सांगितली पाहिजे. बाकीच्या गावांत दुरुस्तीचा पैसा हप्त्या-हप्त्यानं घरमालकाच्याच हाती दिला. गावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. हप्ता कसा मिळतो, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. दीड लाखाहून जास्त घरं अशी उभी राहिली. म्हणजे लोकांना जमत नाही, हे खोटं.

4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेडं नाकारून माणूस हा घटक धरला. मदतीचंही तेच करा. सत्ता दिल्लीहून, जिनिव्हाहून खाली आली अन् चावडीत अडकली, तर आमच्या लेखी ती आलीच नाही.

दोस्तहो, यादी चावडीवर वाचू देऊ नका. आपल्या वस्तीत वाचायला लावा. कुणाचं नाव गळालं, ते आपल्यालाच ठाऊक असतं.