जादा स्टारची कुळकथा

जावाचा कोड उघडला की मेथडच्या डोक्यावर एक खूण दिसते: /**. सी भाषेपासून चालत आलेली कॉमेंटची खूण म्हणजे तिरकी रेघ आणि एक स्टार. दुसरा स्टार कंपायलरच्या लेखी कॉमेंटचाच भाग, म्हणून तो त्याला ओलांडून जातो. ‘जावाडॉक’ हे साधन मात्र नेमके तिथे थांबते, खालचा मजकूर उचलते आणि एकमेकांना जोडलेली एचटीएमएल पाने तयार करते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती दिली, तेव्हापासून ते सोबत आहे.

त्याआधी माहितीपुस्तिका सहसा वेगळी लिहिली जाई. कोड बदलायचा, पुस्तिका तशीच राहायची आणि वाचणारा फसायचा. यावर सर्वांत मूलगामी उपाय स्टॅनफर्डच्या डोनाल्ड नूथ यांनी सुचवला. प्रोग्राम माणसाने वाचायच्या निबंधासारखा लिहावा, असे त्यांनी १९८४ च्या लेखात मांडले. त्यांच्या ‘वेब’ पद्धतीत एकाच फाइलमधून ‘टँगल’ यंत्रासाठी पास्कल कोड काढी आणि ‘वीव्ह’ वाचकासाठी छपाईयोग्य पाने. टेक ही त्यांची अक्षरजुळणीची प्रणाली अशीच लिहिलेली आहे. कल्पना थोर, पण प्रत्येक प्रोग्रामरने निबंधकार व्हावे ही अपेक्षा फार मोठी होती. जावाडॉकने थोडकेच मागितले, आणि माझ्या मते म्हणूनच ते रुजले.

ते थोडके म्हणजे काय? समजा, खात्यातून पैसे काढणारी मेथड आहे. तिच्यावर लिहायचे:

/**
 * खात्यातून रक्कम काढते.
 * @पॅराम रक्कम पैशांत, शून्याहून जास्त
 * @रिटर्न उरलेली शिल्लक
 */

पहिले वाक्य आपोआप सारांशाच्या तक्त्यात जाते, पूर्ण मजकूर सविस्तर वर्णनात. (प्रत्यक्षात @ ने सुरू होणारे हे टॅग रोमन लिपीतच लिहावे लागतात, मजकूर मराठीत चालतो.) अशाच ‘डेप्रिकेटेड’ या टॅगची गोष्ट विलक्षण आहे. एखादी मेथड आता वापरू नका, असे तो कॉमेंटमध्ये सांगे आणि कंपायलर चक्क ते वाचून इशारा देई. कॉमेंट कंपायलरने वाचायची नसते, हा नियम इथे मोडला. २००४ मध्ये जावा ५ आली, तेव्हा या कामासाठी कॉमेंटबाहेरची स्वतंत्र खूण मिळाली.

पुढे वंश पसरला. दिमित्री व्हान हेश यांचे डॉक्सिजन १९९७ मध्ये आले आणि सी++ वाल्यांची सोय झाली. पीएचपी आणि जावास्क्रिप्टनेही हीच खूण घेतली. सी-शार्पने तीन तिरक्या रेघा निवडल्या. २०२४ च्या जावा २३ मध्ये तर खुद्द जावानेही मार्कडाउनमधल्या वर्णनासाठी तीन रेघांची मुभा दिली.

साधन मजकूर गोळा करते, तो खरा आहे का हे तपासत नाही. ‘रक्कम म्हणजे रक्कम’ असे लिहून टॅग भरू नका. ती रुपयांत की पैशांत, शून्य चालेल का, शिल्लक अपुरी पडली तर काय होईल, हे लिहा. आणि कोड बदलाल तेव्हा वरच्या ओळीही त्याच बैठकीत बदला.