सात इंचांची काच

ज्यांच्या दारात जुनी जीप किंवा २०१० साली आलेली पहिली थार उभी आहे, त्यांनी तिच्या गोल हेडलाइटची काच एकदा टेपने मोजून पाहावी. व्यास सात इंच भरेल. हा आकडा अमेरिकेत १९४० साली ठरला. आज गॅरेजात जाऊन 'दिवे जरा चांगले टाका हो' म्हटले की काम चटकन होते, त्याचे श्रेय त्या ऐंशी वर्षांहून जुन्या आकड्याला आहे.

त्याआधी मोटारीचा दिवा म्हणजे एक व्यापच होता. सुरुवातीला घोडागाडीसारखेच रॉकेलचे कंदील असत. मग आला कार्बाइडचा दिवा. आंबे चोरून पिकवण्यासाठी ज्याच्या पुड्या वापरतात, तेच हे कार्बाइड. त्यावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. पण अंधार पडला की ड्रायव्हरने खाली उतरायचे, तोटी सोडायची आणि काडी ओढायची! १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे कारखान्यातूनच बसवून आले, तेव्हापासून हा खटाटोप संपत गेला.

प्रकाश वाढला तसे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. उपाय म्हणून १९२० च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवण्यात आल्या, एक लांबच्या उजेडाची, दुसरी खाली झुकणाऱ्या उजेडाची. आपले ट्रकवाले ज्याला 'अपर-डिपर' म्हणतात, ते हेच.

तरी एक दुखणे उरलेच होते. काचेमागच्या चकचकीत वाटीवर, म्हणजे रिफ्लेक्टरवर, धूळ आणि ओल जाऊन ती काळवंडे. शिवाय प्रत्येक कंपनीचा दिवा वेगळा. म्हणून १९४० पासून अमेरिकेत 'सील्ड बीम' आला. तार, वाटी आणि काच एकत्र बंद केलेली, माप सगळ्यांना एकच. तार तुटली की अख्खा दिवा बदलायचा. युद्धातल्या विलीज जीपला लहान दिवे होते आणि ते जाळीच्या आत बसवलेले असत. गंमत म्हणजे चाकी सैल करून दिवा मागे उलटवला की रात्री इंजिन दुरुस्त करायला उजेड मिळे. १९४५ साली नागरी जीप आली ती मात्र सात इंची डोळे घेऊन. महिंद्रा कंपनीने विलीजच्या जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली, पुढे त्या इथेच घडवल्या, आणि ते माप आपल्या रस्त्यांवर रुजले.

ज्या नियमाने सोय केली, त्यानेच पुढे अमेरिकेचे पाय बांधले, असे मला वाटते. युरोपात १९६२ साली हॅलोजन बल्ब आला. साध्या बल्बात टंगस्टनची तार झिजते आणि काच काळी पडते. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनसारखा वायू उडालेले टंगस्टन परत तारेकडे नेतो, त्यामुळे तार अधिक तापवता येते आणि उजेड वाढतो. दोन तारांचा एच-४ बल्ब १९७१ चा. अमेरिकेने मात्र १९८३ पर्यंत बदलता येणाऱ्या बल्बच्या हेडलाइटला परवानगी दिली नाही.

जुन्या जीपला सील्ड बीमच्या जागी एच-४ चा दिवा बसवणे हा तेव्हापासूनचा रूढ उपाय. पण नुसता दिवा बदलून भागत नाही. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, जोड गंजलेले. व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणून जाणता वायरमन आधी रिले बसवतो. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट दिव्याकडे नेतो आणि स्विचकडे फक्त रिले चालवायचे काम ठेवतो. पुष्कळदा जुनाच बल्ब एवढ्याने उजळतो. हे सोडून लोक ६०/५५ वॅटऐवजी १००/९० चा बल्ब ठोकतात. मग होल्डर वितळतो, आणि घाटात समोरच्या एसटी चालकाला वळण दिसेनासे होते.

बाहेरून मागवलेल्या दिव्यांची आणखी एक मेख आहे. डिपरचा उजेड एका बाजूला किंचित वर चढवलेला असतो, रस्त्याची कड दिसावी म्हणून. आपण डावीकडून चालतो, तेव्हा तो डावीकडे चढायला हवा. जर्मनी किंवा फ्रान्ससाठी घडवलेली काच तो उजवीकडे, थेट समोरच्याच्या डोळ्यांत चढवते. युरोपीय मानकाच्या काचेवर समोरून पाहताना उजवीकडे वळलेला बाण दिसला, तर ती आपल्यासारख्या डाव्या बाजूच्या वाहतुकीची. दोन्ही टोकांचा बाण असेल तर ती दोन्हीकडे चालते. बाणच नसेल तर दुकानदाराला परत करावी.

हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब स्वस्त मिळतात, पण वाटी घडवलेली असते ती बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी. एलईडीचे ठिपके त्या जागी नेमके बसत नाहीत, उजेड विस्कटतो. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते काटेकोरपणे वाचले. तेव्हा मंजूर नमुन्याचाच दिवा घ्यावा.

दिवा बसल्यावर तो भिंतीसमोर लावून घेतात, पण बहुधा रिकाम्या गाडीत. जीपच्या मागे आठ माणसे आणि दोन पोती चढली की पाटे बसतात, नाक वर उठते, डिपरचाही अपर होतो. गाडी रोज भरूनच धावत असेल, तर भिंतीसमोर उभी करतानाही ती भरलेलीच असावी.