जादूचा किल्ला कागदावर उतरतो तेव्हा : हॉगवर्ट्‌स ते कोरीगड

जी वास्तू पृथ्वीच्या पाठीवर कुठेही उभी नाही, तिचे नकाशे काढण्याचा उद्योग गेली पंचवीसहून अधिक वर्षे जगभर सुरू आहे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांतील हॉगवर्ट्‌स हा जादूचा किल्ला १९९७ मध्ये प्रथम वाचकांसमोर आला. त्यानंतर त्याचे मजलेवार आराखडे, लाकडी व कागदी प्रतिकृती आणि संगणकावरील त्रिमिती मॉडेल्स तयार झाली. याउलट मुळशी तालुक्यात कोरीगड, घनगड आणि कैलासगड हे किल्ले प्रत्यक्ष उभे आहेत. मात्र त्यांच्या तटाआड एकेकाळी काय होते, हे दाखवणारा संपूर्ण आराखडा सर्वसामान्यांच्या हाती नाही. कल्पनेतला किल्ला साकारण्याची जी रीत आहे, तीच रीत हरवलेला खरा किल्ला समजून घेण्यासही उपयोगी पडते. फरक आहे तो जबाबदारीचा.

शब्दांतून आराखडा

काल्पनिक वास्तूचा नकाशा काढताना मोजपट्टी हाती नसते. लेखकाचे शब्द हाच एकमेव पुरावा असतो. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे मजकुराची छाननी. किल्ल्याचा उल्लेख असलेले प्रत्येक वाक्य टिपून घ्यायचे आणि त्यातील माहितीची तीन गटांत विभागणी करायची. एक, स्पष्ट सांगितलेली गोष्ट. दोन, तिच्यावरून निघणारे अनुमान. तीन, केवळ आपली कल्पना.

हॉगवर्ट्‌सबाबत स्पष्ट सांगितलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. किल्ल्याला सात मजले आहेत, जिन्यांची संख्या १४२ आहे. स्वयंपाकघर भोजनाच्या मोठ्या दालनाच्या बरोबर खाली आहे आणि वरच्या मेजांच्या थेट खाली तशीच मेजे मांडलेली आहेत. एका विद्यार्थीगटाची बैठक तळघरात, सरोवराच्या पाण्याखाली आहे, तर दुसऱ्या गटाची उंच मनोऱ्यात. एवढ्या माहितीवरून अनुमानाची साखळी सुरू होते. पाण्याखालची खोली सरोवराच्या बाजूलाच असणार, म्हणजे तळघराची ती बाजू निश्चित झाली. स्वयंपाकघर व दालन एकाखाली एक, म्हणजे दोघांची लांबी-रुंदी जवळपास सारखी. अशा रीतीने एकेक दालन जागेवर बसत जाते.

अडचण येते ती जादूची. या किल्ल्यातील काही जिने वाराप्रमाणे आपली दिशा बदलतात, काही पायऱ्या अचानक नाहीशा होतात, तर एक खोली गरजेनुसार प्रकट होते. कागदावरच्या नकाशात वस्तू एका जागी स्थिर असावी लागते. म्हणून नकाशे काढणारे अशा जागा तुटक रेषांनी दाखवतात किंवा एकाच मजल्याचे दोन-तीन पर्यायी आराखडे देतात. संगणकीय मॉडेलमध्ये ही अडचण बरीच कमी होते, कारण तेथे जिना खरोखर फिरवता येतो.

चित्रपटासाठी उभारलेला किल्ला

पहिला चित्रपट २००१ मध्ये आला. त्याचे कला दिग्दर्शन करणारे स्टुअर्ट क्रेग यांना किल्ला आणि परिसराची रचना ठरवायची होती, तेव्हा रोलिंग यांनी स्वतः हाताने नकाशा काढून दिला. सरोवर, जंगल, क्रीडांगण आणि रेल्वे स्थानक यांच्या जागा त्यामुळे निश्चित झाल्या. क्रेग यांच्या चमूने रचना करताना खऱ्या वास्तूंचा आधार घेतला. इंग्लंडमधील अ‍ॅनिक किल्ला व डरहॅम येथील कॅथीड्रल यांच्या रूपाची छाया बाह्यरचनेवर दिसते, तर भोजनाचे दालन ऑक्सफर्डमधील ख्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या दालनावरून सुचले.

किल्ल्याची प्रतिकृती २४ पट लहान प्रमाणात बांधण्यात आली. म्हणजे प्रत्यक्षातील २४ मीटरची भिंत प्रतिकृतीत एक मीटरची, आणि सहा फुटी माणूस तीन इंचांचा. ८६ कलाकार व कारागिरांनी ती घडवली. सुमारे ५० फूट व्यासाच्या या प्रतिकृतीत अडीच हजारांच्या आसपास बारीक दिवे आहेत. लंडनजवळील लीव्हस्डेन येथे २०१२ पासून ती पर्यटकांना पाहायला मिळते. २०११ मधील अखेरच्या चित्रपटासाठी किल्ल्याचे संगणकीय मॉडेल तयार करण्यात आले. युद्धात कोसळणाऱ्या भिंती दाखवायच्या असल्याने कॅमेरा हवा तिकडे नेण्याची सोय आवश्यक होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००४ च्या तिसऱ्या चित्रपटात वनरक्षकाची झोपडी दुसऱ्या उतारावर गेली, लाकडी पूल आणि घड्याळाचा चौक नव्याने आला. म्हणजे एकाच किल्ल्याचा भूगोल चित्रपटागणिक बदलला. प्रेक्षकांनी तो बदल स्वीकारला, कारण मुळात चुकण्यासारखे खरे असे काही नव्हतेच. पुढे २०१८ मध्ये लेगो कंपनीने ६,०२० तुकड्यांचा हॉगवर्ट्‌स संच बाजारात आणला आणि २०२३ मध्ये 'हॉगवर्ट्‌स लेगसी' या खेळात किल्ल्याचे सर्व मजले फिरून पाहण्याची सोय झाली. प्रत्येकाचा किल्ला थोडा निराळा आणि तरीही प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर.

मुळशीत काय उरले आहे

आता सह्याद्रीकडे वळू. लोणावळ्याच्या दक्षिणेस, पेठ शहापूर व आंबवणे या गावांच्या माथ्यावर कोरीगड उभा आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सव्वानऊशे मीटरच्या आसपास आहे. पायथ्याला सहारा समूहाने उभारलेली अँबी व्हॅली ही आखीव वसाहत दिसते. गडाची विस्तीर्ण सपाट माथ्याभोवतीची तटबंदी आजही बव्हंशी सलग आहे आणि तिच्यावरून जवळपास पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. गणेश दरवाजा, कोराईदेवीचे मंदिर, दोन तळी आणि तोफा ही माथ्यावरील प्रमुख ठिकाणे. सर्वांत मोठ्या तोफेला 'लक्ष्मी' म्हणतात.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यासह हा गड स्वराज्यात आणला, असे मानले जाते. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने त्याला वेढा दिला. ११ मार्चला सुरू झालेला मारा गड तीन दिवस सोसत होता. १४ मार्चला तोफगोळ्याने दारूकोठार पेटले, मोठा स्फोट झाला आणि गड शरण आला. तट राहिला, आतली वस्ती मात्र गेली. आज माथ्यावर वाडे, सदर, कोठारे यांच्या जागी जोती आणि दगडांचे ढिगारे आहेत.

एकोले गावाजवळचा घनगड आकाराने लहान, परंतु चढाईला अवघड. मुळशी जलाशयाच्या वरच्या अंगाला वडुस्ते परिसरात असलेल्या कैलासगडावर पाण्याची टाकी व मोजके अवशेष एवढेच शिल्लक आहे. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यात पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. मुळशीतील एकही किल्ला त्यात नाही. त्यामुळे या गडांच्या नोंदी करण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्थानिक ग्रामस्थ, दुर्गप्रेमी आणि अभ्यासकांवरच अवलंबून राहणार आहे.

खऱ्या किल्ल्याचे मॉडेल कसे बनते

येथेही पहिला पुरावा मजकूरच असतो. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये किल्ल्यांची वर्णने आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त किल्ला कसा बांधावा याचे नियम येतात. गडावर आधी पाण्याची खात्री करावी, दरवाजा समोरून थेट माऱ्यात येऊ नये, अडचणीच्या वेळी बाहेर पडण्यास चोरदिंडी असावी, अशी त्यांची दिशा आहे. एखाद्या गडावर विशिष्ट इमारत होतीच, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु ढिगाऱ्यातील जोते कशाचे असू शकेल, याचा तर्क करण्यास ते साह्य करते.

दुसरा पुरावा भूमीचा. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा असतात. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या या रेषा जेथे दाट, तेथे कडा, आणि जेथे विरळ, तेथे पठार. उपग्रहांवरून मिळणारी उंचीची माहितीही उपलब्ध आहे, परंतु तिचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाजूचा असतो. त्यात डोंगर दिसतो, तीन-चार मीटर जाडीचा तट दिसत नाही.

तटासाठी छायाचित्रमापनाचा मार्ग आहे. एकाच वास्तूची शेकडो छायाचित्रे अशी घ्यायची, की प्रत्येक छायाचित्रातील बराचसा भाग पुढच्या छायाचित्रातही यावा. संगणक त्यांतील समान खुणा ओळखतो, कॅमेऱ्याची प्रत्येक वेळची जागा काढतो आणि लक्षावधी बिंदूंचा त्रिमिती ढग तयार करतो. जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा त्यात जोडल्या, की मापे खरी ठरतात. ड्रोनने हे काम झपाट्याने होते. मात्र त्यासाठी २०२१ ची ड्रोन नियमावली पाळावी लागते आणि संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. पुढील कामासाठी क्यूजीआयएस व ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

कल्पना कोठे थांबावी

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. जोत्यावर भिंत किती उंच चढवायची? छप्पर कौलारू की गवती? वाडा एकमजली की दुमजली? संगणकाला काहीही चालते. सफाईदार मॉडेल पडद्यावर फिरू लागले, की पाहणाऱ्याला ते छायाचित्राइतकेच खरे वाटते. जादूच्या किल्ल्यात एक मनोरा जास्त झाला तर कोणाचेही नुकसान नाही. कोरीगडावर नसलेला वाडा दाखवला, तर तो आधी समाजमाध्यमांवर, मग माहितीफलकावर आणि अखेर जीर्णोद्धाराच्या आराखड्यात शिरू शकतो. एकदा चुकीच्या जागी नवे बांधकाम झाले, की खालचा मूळ पुरावाही नष्ट होतो.

याच कारणासाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. संगणकीय मॉडेलसाठी २००६ मध्ये मांडण्यात आलेली लंडन सनद, मॉडेलमधील कोणता भाग पुराव्यावर आणि कोणता अनुमानावर आधारित आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा आग्रह धरते. त्याचा सोपा उपाय रंगांचा आहे. मोजलेला भाग एका रंगात, अनुमान दुसऱ्यात आणि निव्वळ कल्पना तिसऱ्यात. सोबत प्रत्येक निर्णयामागचे कारण एका वहीत नोंदवलेले असावे.

पाण्याखालचा भूगोल

मुळशीला या विषयाचे आणखी एक परिमाण आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा खोऱ्यात धरण बांधण्यास विरोध म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण पुढे पूर्ण झाले आणि खोऱ्यातील अनेक गावे, शेते व देवळे पाण्याखाली गेली. त्या गावांचे वंशज आजही तालुक्यात आहेत. धरणापूर्वीच पुणे जिल्ह्यात महसुली मोजणी झालेली होती. जुने गावनकाशे आजच्या नकाशावर बसवले, तर जलाशयाखालची गावठाणे, पाणंदी आणि शिवेचे दगड यांच्या जागा दाखवता येतात. येथे कल्पनेचे काम थोडे आणि नोंदींचे अधिक आहे.

दिवाळीचा किल्ला, मापात

महाराष्ट्रातील मुलांना या विद्येची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. दिवाळीत अंगणात दगड, विटा, पोती आणि चिखलाने किल्ला रचायचा, त्यावर अळीव पेरायचे आणि मावळे मांडायचे, ही प्रतिकृतीचीच कला आहे. त्याला मापाची जोड देणे कठीण नाही. पाचशे पट लहान प्रमाण धरले, तर नकाशावरील २० मीटर अंतराची प्रत्येक समोच्च रेषा म्हणजे चार सेंटिमीटरचा एक थर. कोरीगडाच्या माथ्याखालचे शंभर मीटर पाच थरांत, म्हणजे २० सेंटिमीटर उंचीत बसतात. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे त्या रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवले आणि वर मातीचा लेप दिला, की डोंगराचा आकार आपोआप उतरतो.

तट, दरवाजा, तळी आणि मंदिर मापानुसार मांडावीत. जेथे आज केवळ जोते आहे, तेथे जोतेच ठेवावे. राजवाडा उभारण्याची हौस असेल, तर शेजारी दुसरा, जादूचा किल्ला रचावा. त्याला हवे तेवढे मनोरे आणि फिरते जिने लावण्यास कोणाचीही हरकत नाही.