बाबांचे अडकलेले ७४० रुपये

ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी.

‘कोरोना आला आणि सगळे ऑनलाइन झाले’ हे वाक्य मी ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. आकडे बघा ना. यूपीआय सुरू झालं २०१६ ला. मार्च २०२० मध्ये त्यावर साधारण १२५ कोटी व्यवहार झाले. आणि एप्रिलमध्ये? जेमतेम १०० कोटी. म्हणजे चक्क घटले! साहजिकच आहे. लोकल बंद, दुकानं बंद, आमच्या रे रोडला दारुखान्यातली लोखंडाची गोदामं बंद. पैसे द्यायचे कोणाला? चढ नंतर लागला, ऑक्टोबरात आकडा २०७ कोटींवर गेला. गंमत म्हणजे २०२०-२१ मध्ये चलनातल्या नोटांचं मूल्यसुद्धा सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं. लोक मोबाइलही चालवत होते आणि कपाटात नोटाही ठेवत होते.

आमचे बाबा त्यातलेच. पासबुकात छापून आलं तरच पैसे आहेत, असं मानणारे. पण बँक दुपारी दोनपर्यंतच, बाहेर खडूचे गोल, त्यात बाबांना शुगर. शेवटी मीच त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं.

तिसऱ्याच दिवशी किराण्याचे ७४० रुपये खात्यातून गेले आणि दुकानदाराकडे पोचलेच नाहीत. तो बिचारा म्हणाला, "काका, राहू दे, नंतर द्या." पण मागे रांग उभी, सगळे बघतायत. बाबा घरी येऊन फक्त एवढंच बोलले, "आयुष्यात उधारी केली नव्हती."

यूपीआयमध्ये आधी देणाऱ्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा. मधल्या एखाद्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, की पैशांचा त्रिशंकू. यावर रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०१९ चा, म्हणजे साथीच्या आधीचाच आहे: दुकानदाराला पाठवलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत परत, नाहीतर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता.

आमचे पैसे नवव्या दिवशी आले. भरपाई नाही. मी मागितलीही नाही, कारण बीटेक होऊनही हा नियम मला वर्षभराने कळला.

बाबा अ‍ॅप वापरतात अजून. आधी एक रुपया पाठवतात, "आला का?" विचारतात, मग उरलेले.