पाठीवरचं दुकान

गेल्या रविवारी वहिनीने जाहीर केलं, जुनी व्हॅन घेऊन कपड्यांचं फिरतं दुकान काढते. घरात लगेच दोन पक्ष पडले! मला मात्र मायकेल मार्क्स आठवला.

हा रशियन साम्राज्यातल्या स्लोनिमचा (आता बेलारूसमध्ये) ज्यू पोरगा. १८८०च्या दशकात इंग्लंडात आला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. पण लीड्समध्ये ज्यू निर्वासितांची वस्ती होती. प्रार्थना, सणवार, भाषा सगळं आपलंच, तेवढाच काय तो आधार. तिथल्या आयझॅक ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याने त्याला पाच पौंड उसने देऊ केले. गंमत पुढेच आहे. पठ्ठ्या म्हणाला, रोख नको, तेवढ्याचा माल द्या! मग सुया, बटणं, लोकर, मोजे पाठीवर टाकून यॉर्कशायरची खेडी पालथी घातली. आपल्याकडे कासार बांगड्या घेऊन दारोदार फिरायचे ना, तसंच.

१८८४ला लीड्सच्या बाजारात टेबल मांडलं, पुढे सरसकट एक पेनी भाव ठेवला. भाव विचारायलाच नको, म्हणजे इंग्रजीचीही कटकट नाही (याला म्हणतात यूझर इंटरफेस!). १८८६ला हॅनाशी लग्न झालं, संसार आणि धंदा सोबतच वाढले. १८९४ला भागीदार हवा होता. ड्यूहर्स्टने स्वतः नकार दिला, पण आपल्या कॅशियरचं नाव सुचवलं. टॉम स्पेन्सर, ३०० पौंड घेऊन आला. मार्क्स अँड स्पेन्सर ते हेच.

दादा अजून 'बघू' म्हणतोय. आईने मात्र काल वहिनीला विचारलं, "माल कुठून आणणार गं?"