गायीच्या गळ्यातला पट्टा माज कसा ओळखतो?

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आण्णा कॅलेंडरसमोर उभं राहून बोटांवर दिवस मोजत होते. आमची एक एचएफ संकरित गाय व्यायल्याला पाच महिने झाले होते, पण अजून गाभण नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेपटीला रक्ताचा डाग दिसला. आई म्हणाली, "झालं, माज येऊन गेला." बहुतेक रात्रीच आला असणार, तेव्हा गोठ्यात कुणीच नव्हतं.

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते; 18 ते 24 दिवसांचा फरक चालतो. पण माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास, उन्हाळ्यात अजून कमी. तेवढी वेळ हुकली की पुढचे तीन आठवडे चारा-पेंड चालू आणि दूध उतरत जाणार. असे दोन-तीन माज हुकले की गाय भाकड म्हणून विकायची भाषा सुरू होते. आमच्याकडेही झाली होती.

म्हणून मी पट्ट्यांच्या मागे लागलो. आत काय असतं? तुमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारा जो ॲक्सेलरोमीटर असतो, तोच. मान कधी, किती आणि कशी हलली हे तो सतत नोंदवतो. चालणं, खाणं, रवंथ या प्रत्येकाची हालचाल वेगळी, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती ओळखता येते. माजावर आलेली गाय अस्वस्थ असते. जास्त फिरते, इतर गायींवर चढते आणि रवंथ कमी करते. हालचाल वर, रवंथ खाली असं दोन्ही एकदम दिसलं की मोबाईलवर मेसेज येतो.

गंमत म्हणजे पट्ट्याला 'माज' कळतच नाही. ही गाय गेले काही दिवस या वेळेला जशी वागत होती, तशी आज वागत नाही, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे गोठा बदलला, नवीन गाय आणली तरी खोटा अलर्ट येऊ शकतो. नुसता रवंथ घटला तर ते आजारपणही असू शकतं.

आता आमच्यासारख्यांची खरी अडचण. दुसरी गाय अंगावर चढली तरी स्थिर उभी राहणं, ही माजाची सगळ्यात पक्की खूण. पण दावणीला बांधलेली गाय फिरणार कुठे आणि तिच्यावर चढणार कोण? तिथे पट्ट्यालाही कमीच दिसतं. मुक्त गोठ्यात तो चांगलं काम करतो. माझ्या मते चार-पाच बांधलेल्या गायींसाठी एवढा खर्च करू नये. (हे सांगताना माझ्यातला इंजिनिअर थोडा हिरमुसला.)

मग आम्ही काय केलं? रक्त माज संपल्यावर एक ते तीन दिवसांनी दिसतं. म्हणजे रेतनाची वेळ गेलेली असते, पण पुढची तारीख हातात येते. डाग दिसल्यापासून 16 ते 22 दिवस मी आण्णांच्या फोनमध्ये रोजचे तीन अलार्म लावले: पहाटे पाच, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं नुसतं बघायचं. बळस काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा आहे का? हंबरते का? दूध अचानक कमी दिलं का? एकदा गोठ्यातून सोडूनही बघायचं.

अठराव्या दिवशी रात्री दहाला बळस दिसला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम 1940च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात झालेल्या अभ्यासातून आलाय. स्त्रीबीज माज संपल्यावर 10 ते 12 तासांनी सुटतं, म्हणून ही थांबण्याची भानगड. आण्णांनी डॉक्टरांना रात्रीच फोन केला, सकाळी रेतन झालं.

आता फोनमध्ये पुढच्या 18 ते 24 दिवसांचे अलार्म आहेत. तेव्हा ती परत माजावर आली नाही, तरी गाभण धरायची घाई नाही. मुका माजही असतो. डॉक्टर तपासतील तेव्हाच पेढे.