चिलीम, विस्तव आणि नवशिका

कोणत्याही उपकरणाची पारख करताना आपण सहसा तीन प्रश्न विचारतो. ते साधे आहे काय? ते टिकाऊ आहे काय? आणि ज्याने ते पूर्वी कधी हाताळलेले नाही अशा नवशिक्याला ते जमेल काय? चरखा, शिवणयंत्र, सायकल यांच्या बाबतीत या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळाली की आपण निश्चिंत होतो. तरुण मंडळी जिला ‘व्हेप’ म्हणतात त्या ई-सिगारेटची भलामणही नेमकी याच तीन गुणांवर केली जाते: उपकरण साधे आहे, टिकाऊ आहे आणि पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यासाठी योग्य आहे. भारतात या वस्तूच्या उत्पादनावर व विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, हा भाग वेगळा. आम्हांला येथे हे निकषच तपासावयाचे आहेत. ज्या उपकरणाचे काम सवय लावण्याचे आहे, त्याच्या बाबतीत साधेपणा, टिकाऊपणा आणि सोय या शब्दांचे अर्थ तेच राहतात काय? मराठी मुलखातील धूम्रपानाचा इतिहास या प्रश्नावर पुरेसा बोलतो, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी आम्ही वाशीम जिल्ह्यातील मानोरा हे ठिकाण निवडले आहे. वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे येथेही पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो आणि त्याच्याच शेजारी विडीचे कट्टे व सिगारेटची पाकिटे मांडलेली असतात. याच तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाणारे हे क्षेत्र संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पावन मानले जाते आणि त्यांच्या नावाने जो उपदेश परंपरेने सांगितला जातो, त्यात व्यसनापासून दूर राहण्याची आज्ञा ठळक आहे. येथून वायव्येस, बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. तेथील संत गजानन महाराजांचे चित्र चिलमीवाचून डोळ्यांपुढे येणे कठीण. मानोऱ्याचा भाविक पोहरादेवीलाही जातो आणि शेगावलाही. चिलमीविषयीची ही दुहेरी दृष्टी मराठी मनात फार जुनी आहे आणि तिचा उगम तंबाखूच्या आगमनाइतका मागे नेता येतो.

तंबाखू हे अमेरिका खंडातील पीक. पोर्तुगिजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले. आपला ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांच्या ‘तबाको’वरूनच आला. दख्खनमध्ये ते स्थिरावल्यानंतर उत्तरेत कसे पोहोचले, याचा एक प्रत्यक्षदर्शी वृत्तांत उपलब्ध आहे. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने बादशहासाठी ज्या वस्तू आणल्या, त्यांत तंबाखू होता आणि तो ओढण्याचे उपकरणही होते. त्या उपकरणाचे वर्णन तो मोठ्या हौसेने करतो. अचिन येथील उत्तम नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने व मिन्याचे काम, ओठांशी यमनी अकीकाचे मुखपात्र आणि वर सोन्याचे अग्निपात्र. येथे साधेपणाचा मागमूस नाही. पण नवशिका मात्र आहे, आणि तो साक्षात अकबर आहे.

बादशहाने असद बेगच्या आग्रहाखातर दोनतीन झुरके घेतले आणि मग वैद्यांना विचारले. हकीम अलीने आक्षेप घेतला: आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही, आपल्या जाणत्यांनी जी पारखलेली नाही, ती वस्तू केवळ फिरंगी वापरतात म्हणून का घ्यावी? असद बेगचे उत्तर असे की, जगातील प्रत्येक रूढी केव्हातरी नवीनच होती. हा वाद आम्हांस विलक्षण वाटतो. नव्या उपकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध आज जे बोलले जाते, त्याचा गाभा या दोघांच्या संवादात आलेला आहे. अकबराने सवय धरली नाही. दरबारातील सरदारांनी मात्र धरली, आणि लवकरच व्यापारी तंबाखू विकू लागले. जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही, हे सांगावयास नकोच.

मराठी वाङ्मयात याचे पडसाद लवकर उमटले. तुकोबांच्या नावावर असलेल्या अभंगांत तंबाखूचा धूर ओढणाऱ्याचा कठोर निषेध आढळतो. तुकोबांचा अंत १६४९-५० च्या सुमाराचा. तो अभंग त्यांचाच मानला, तर विजापुराहून आग्र्यास गेलेली रत्नजडित नळी आणि देहूच्या परिसरातील हा धूर यांत जेमतेम अर्धशतकाचे अंतर पडते. एवढ्या अल्पावधीत दरबारी नवलाची वस्तू गावकऱ्यांच्या हाती येण्यास रत्नजडित नळी उपयोगाची नव्हती. ते काम कुंभाराच्या चाकाजवळचे होते, आणि ते केले चिलमीने.

चिलीम हे खरोखर साधे उपकरण. वर रुंद व खाली निमुळती होत गेलेली मातीची भाजलेली नळी; तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत एक खडा; निमुळत्या टोकाला गुंडाळलेली ओल्या फडक्याची छापी; आणि वर विस्तव. फिरणारा भाग नाही, जोड नाही. पडली तर फुटते. पण फुटली तरी दुसरी मिळण्यास फार कष्ट वा पैसा लागत नाही. आपल्या निकषांवर पाहिले तर चिलमीस साधेपणात पूर्ण गुण द्यावे लागतील आणि टिकाऊपणात मध्यम.

तिसऱ्या निकषावर मात्र ती सपशेल नापास होते. चिलीम एकट्याने आणि कोठेही ओढण्याची वस्तू नव्हे. तिला बाहेरून तीन गोष्टी लागतात: विस्तव, पाणी आणि बहुधा सोबत. याचा पुरावा म्हणून आम्ही दोन संतचरित्रांकडे वळतो. ती भक्तिग्रंथ म्हणून वाचली जातात. पण वस्तूंच्या इतिहासाची साधने म्हणूनही ती मोलाची आहेत, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

पहिले चरित्र दासगणूंचे ‘श्री गजानन विजय’. त्याच्या चौथ्या अध्यायात अक्षय्य तृतीयेची कथा आहे. महाराजांच्या चिलमीसाठी मुले जानकीराम सोनाराकडे विस्तव मागावयास गेली. सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यावयाचा नाही म्हणून त्याने नकार दिला. मग महाराजांनी चिलमीवर नुसती काडी धरावयास सांगितली आणि विस्तवावाचून चिलीम पेटली. चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेतून एक सामाजिक वस्तुस्थिती हाती लागते. चिलीम ओढायची तर शेजाऱ्याकडे हात पसरावा लागे, आणि शेजारी नाही म्हणू शकत असे.

दुसरे चरित्र हेमाडपंतांचे ‘श्री साईसच्चरित’. पाचव्या अध्यायात धूपखेड्याचे चांद पाटील आपली हरवलेली घोडी शोधून थकले असता फकीर त्यांना चिलीम ओढण्यास बोलावतो. सर्व तयारी होते, पण विस्तव नाही आणि छापी भिजवण्यास पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसतो, निखारा निघतो. सटका आपटतो, पाणी पाझरते. छापी भिजवून, पिळून चिलमीस गुंडाळली जाते. ओवीबद्ध मराठीत चिलीम भरण्याची इतकी क्रमवार कृती आम्हांस अन्यत्र आठवत नाही. येथेही चमत्कार घडतो तो उपकरणात जे नसते त्याच्याच पूर्ततेसाठी. विस्तव आणि पाणी सहज मिळत असते, तर दोन्ही कथांना जागाच उरली नसती.

येथे गैरसमज टाळला पाहिजे. चिलीम निरुपद्रवी होती असे आम्ही म्हणत नाही. ओली छापी राख अडवते आणि धूर थोडा थंड करते. धुरातील विष ती काढून घेत नाही. हुक्क्याच्या वा गुडगुडीच्या पाण्याविषयीही हेच खरे. शिवाय चिलमीत तंबाखूच असे असेही नाही. गांजासाठीही ती तितकीच प्रसिद्ध आहे. आमचे म्हणणे मर्यादित आहे. चिलमीच्या घडणीतच काही अडथळे होते, आणि ते नवशिक्याच्या वाटेत उभे राहत. विस्तव मागावा लागे, म्हणजे घरात वा शेजारी कळे. भरावयास वेळ लागे. बैठकीत चिलीम फिरत असे, म्हणजे पोराच्या हाती ती द्यावी की नाही हे वडीलधारे ठरवीत. आणि सर्वांत मोठा अडथळा शरीराचाच: पहिल्या झुरक्याला लागणारा ठसका.

पुढचा इतिहास हे अडथळे एकेक करून दूर होण्याचा आहे. विडीने बैठक मोडली. पूर्व विदर्भातील रानांतून येणारी तेंदूची पाने, गोंदिया व सिन्नर यांसारखी उत्पादनाची केंद्रे आणि खिशात मावणारी काडेपेटी यांनी धूम्रपान सुटे व एकट्याचे केले. विस्तवासाठी जानकीरामाच्या दारी जाण्याचे कारण उरले नाही. तरीही विडीत एक अडचण शिल्लक होती: सतत ओढली नाही तर ती विझते. सिगारेटने तीही काढली. १८८० च्या दशकात अमेरिकेत बोन्सॅकच्या यंत्राने सिगारेट वळण्याचे काम हातांकडून काढून घेतले, आणि १९१० मध्ये कलकत्त्यास इम्पीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाल्यावर पाकिटबंद सिगारेटचा व्यापार येथे संघटितपणे वाढला. प्रत्येक पायरीवर उपकरण नवशिक्यास अधिक सोपे होत गेले.

ई-सिगारेट ही या माळेतील अखेरची कडी. तिचे आधुनिक रूप चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये सिद्ध केले. बॅटरी, तापणारी तार आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व स्वादद्रव्ये यांचा द्राव, एवढाच तिचा संसार. तोंडाने ओढताच तार तापते आणि द्रावाची वाफ होते. विस्तव आता आतच आहे. तो कोणाकडे मागावयाचा नाही, कोणी नाकारावयाचा नाही. राख नाही, वास अल्प आणि तोही फळांचा वा पुदिन्याचा. निकोटीनचे क्षार वापरण्याची युक्ती रूढ झाल्यावर तर अधिक मात्राही घशाला न खरवडता आत जाऊ लागली. म्हणजे ठसकाही गेला. शरीराने नोंदवलेला पहिला आक्षेप, हकीम अलीच्या आक्षेपाचाच जणू देहातला अवतार, तो या उपकरणाने शांतपणे बाजूस सारला. ‘नवशिक्यास योग्य’ या शब्दांचा खरा अर्थ येथे उलगडतो. नवशिक्याला थांबवू शकेल असे काहीही आता शिल्लक नाही.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जो प्रौढ मनुष्य वर्षानुवर्षे सिगारेट ओढतो, त्याने ती पूर्णपणे सोडून या उपकरणाकडे वळल्यास जळणाऱ्या तंबाखूपासून होणारी हानी कमी होते, असे मत ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणेने मांडले आहे आणि ते विचारार्ह आहे. मात्र तो मनुष्य नवशिका नव्हे. उपकरण एकच, पण त्याची पारख कोणासाठी करावयाची यावर निर्णय पालटतो. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकावयाच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. मुलांच्या हाती ती सहज पडत होती आणि बॅटऱ्यांसह कचऱ्यात जात होती, ही त्यामागची कारणे. टिकाऊपणाचा दावा अशा रीतीने व्यवहारात पुष्कळदा पोकळ ठरला. कुंभाराची चिलीम फुटली तर खापर उरते. येथे लिथियम उरते. आणि जी उपकरणे खरोखर टिकाऊ आहेत, त्यांच्याविषयी आमची शंका निराळी आहे. त्यांतील द्राव पुन्हा पुन्हा भरावा लागतो. टिकते ते उपकरण की गिऱ्हाईक, हे विचारावयास हवे.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात निषिद्ध ठरली. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तंबाखूसंबंधीच्या २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकण्यास मनाई आहे. शाळेच्या परिसरातील पानठेले पाहिले की कायदा आणि रस्ता यांतील अंतर ध्यानात येते. जहांगिराच्या फर्मानाची गत आपण पाहिलीच. शिवाय महाराष्ट्रात आजही धुराच्या तंबाखूपेक्षा तोंडात धरावयाच्या तंबाखूचे सेवन कितीतरी अधिक आहे. मानोऱ्यातील पोराच्या दृष्टीने खरा शेजारी धोका खर्रा हाच, आणि तोही याच तर्काने पसरला: धूर नाही, विस्तव नाही, ठसका नाही.

म्हणून आरंभीच्या तीन प्रश्नांकडे परत येताना आम्ही त्यांत चौथा घालू इच्छितो: हे उपकरण वापरणाऱ्याला कोणाकडे काही मागावे लागते काय? चिलमीच्या बाबतीत उत्तर होय असे होते, आणि त्या मागण्यातच नकाराची शक्यता दडलेली होती. गजानन विजयातील कथेत जानकीराम चुकला, असेच आपण भक्तिभावाने वाचत आलो. कथेच्या चौकटीत ते योग्यही आहे. पण ज्याच्यापाशी संताचे सामर्थ्य नाही अशा सामान्य पोराला विस्तव न देणारा एखादा सोनार आळीत असावा, असे आम्हांस आता वाटू लागले आहे. नव्या उपकरणाने त्याचे दार कायमचे बंद करून टाकले. त्याची जागा आता घरातल्यांना आणि वर्गातल्या शिक्षकांना घ्यावी लागेल.